गृहसंगणकाची इंटरनेट जोडणी

गृहसंगणकाची इंटरनेट जोडणी : साधारणतः १९७७ ते १९९० या काळात घरगुती वापरासाठी तयार झालेले आठ-बिटी संगणक सांप्रतच्या इंटरनेट जालकाला जोडण्याची पद्धती. हे संगणक दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरीत. त्यांची स्मृती सामान्यतः १६ ते १२८ किलोबाइट असे आणि त्यांत जालकासाठी कोणतीही सोय नसे. अशी जोडणी मुख्यतः छंद म्हणून केली जाते. तथापि जुन्या यंत्रांचे जतन, संगणकशास्त्राचे अध्यापन आणि अत्यल्प साधनांवर चालणाऱ्या आज्ञावल्यांची रचना या दृष्टींनीही तिला महत्त्व आहे. प्रस्तुत नोंदीत विवेचनासाठी मुख्यतः कमोडोर ६४ हा संगणक घेतला आहे.

कमोडोर ६४ हा संगणक अमेरिकेत जानेवारी १९८२ मध्ये प्रथम प्रदर्शित झाला व त्याचे उत्पादन १९९४ पर्यंत चालू होते. त्याच्या एकूण विक्रीचे अंदाज सु. १·२५ कोटींपासून १·७ कोटींपर्यंत वेगवेगळे दिले जातात. त्यातील ६५१० हा प्रक्रियक सेकंदाला सु. १० लाख घड्याळ स्पंदांवर चालतो. स्मृती ६४ किलोबाइट असली, तरी संगणक चालू केल्यावर बेसिक भाषेसाठी ३८,९११ बाइट मोकळे असल्याचे पडद्यावर दिसते. एवढ्या साधनांवर इंटरनेट चालणे अशक्य असावे, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. ज्यांच्या आधारे इंटरनेट चालते ते टीसीपी व आयपी हे संदेशवहनाचे संकेत सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित स्वरूपात प्रसिद्ध झाले आणि अर्पानेट या जालकाने ते १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारले. म्हणजे हे संकेत आणि हा संगणक एकाच पिढीचे आहेत. आयपीच्या मूळ व्याख्येनुसार प्रत्येक संगणकाला ५७६ बाइटांचे पॅकेट घेता आले पाहिजे. याहून मोठी अपेक्षा त्यात नाही. जुन्या संगणकाची अडचण या मूळ संकेतांपाशी नसून, त्यांवर पुढील काळात रचल्या गेलेल्या थरांपाशी आहे. या भेदाचे विवेचन पुढे केले आहे.

त्या काळी हा संगणक जालकापासून अगदीच तुटलेला होता असेही नाही. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमद्वारे तो दुसऱ्या संगणकाशी बोलू शकत असे. नोव्हेंबर १९८५ मध्ये अमेरिकेत खास कमोडोर संगणकांसाठी क्वांटम लिंक ही सेवा सुरू झाली. ती चालविणाऱ्या कंपनीने १९९१ मध्ये अमेरिका ऑनलाइन हे नाव घेतले. मात्र ही सेवा बंदिस्त होती. तिच्या सभासदांना तिच्याबाहेरील जालकात जाता येत नसे. तिला इंटरनेट म्हणता येणार नाही.

एकसरी मार्ग : जोडणीचा सर्वांत जुना व आजही सर्वांत स्वस्त मार्ग संगणकाच्या पाठीमागील यूझर पोर्ट या २४ संपर्कांच्या खोबणीतून जातो. या मार्गाने बिटे एकामागून एक अशी एकाच तारेवरून जातात. अन्य संगणकांत या कामासाठी स्वतंत्र चिप असते. कमोडोर ६४ मध्ये ती नाही. ६५५१ या चिपची केवळ नक्कल कायम स्मृतीतील आज्ञावलीने केलेली आहे. येणाऱ्या संदेशातील आरंभीचे बिट तारेवर दिसताच प्रक्रियकाच्या चालू कामात व्यत्यय आणला जातो आणि पुढील प्रत्येक बिट कालमापकाच्या साहाय्याने प्रक्रियक स्वतःच वाचतो. सेकंदाला १,२०० बिटांचा वेग असेल तर एका बिटासाठी सु. ८३३ मायक्रोसेकंद मिळतात आणि हे काम सुखाने होते. ९,६०० बिटांच्या वेगाला केवळ १०४ मायक्रोसेकंद मिळतात. त्यातच पडद्यावरील चित्र तयार करणारी व्हिक-२ ही चिप, दर आठव्या चित्ररेषेला, अक्षरे वाचून घेण्यासाठी प्रक्रियकाला ४० हून अधिक स्पंदे थांबवून ठेवते. म्हणजे एका बिटाच्या वेळेपैकी दोन पंचमांश वेळ प्रक्रियक हजरच नसतो. मूळ आज्ञावलीच्या कोष्टकात २,४०० पर्यंतचे वेग असले, तरी व्यवहारात १,२०० हीच भरवशाची मर्यादा मानतात, याचे कारण यावरून स्पष्ट होईल.

या मर्यादेवर दोन उपाय निघाले. पहिल्या उपायात संगणकातील ६५२६ या दोन चिपांमधील सरक-नोंदकाचा उपयोग केला आहे. यूझर पोर्टाचे काही संपर्क परस्परांना जोडले की, बिटे गोळा करण्याचे काम प्रक्रियकाऐवजी हे नोंदक करतात व ९,६०० बिटांचा वेग साधतो. यास यूपी-९६०० असे नाव आहे. हे नोंदक संगणकात प्रथमपासूनच होते, केवळ या कामाला लावले गेले नव्हते. दुसऱ्या उपायात खरी ६५५१ चिप असलेले स्विफ्टलिंक हे कार्ट्रिज विस्तार खोबणीत बसवितात. चिपला नेहमीच्या दुप्पट कंप्रतेचा स्फटिक जोडून या कार्ट्रिजने ३८,४०० बिटांचा वेग मिळविला.

या आकड्यांचा अर्थ पडद्याच्या मापाने चांगला कळतो. पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे १,००० अक्षरे मावतात. त्या काळच्या ३०० बिटांच्या मोडेमवरून पडदा भरण्यास ३३ सेकंद लागत. १,२०० बिटांना ८ सेकंदांहून थोडे अधिक आणि ९,६०० बिटांना सु. १ सेकंद लागतो. याच संगणकाचे १५४१ हे फ्लॉपी चकतीचे यंत्र मूळ स्थितीत सेकंदाला सु. ४०० बाइटच देते. म्हणजे ९,६०० बिटांची जोडणी साधली की, दूरच्या देशातील मजकूर शेजारच्या चकतीपेक्षा लवकर येतो.

प्रत्यक्ष मांडणी : १९८१ मध्ये हेज कंपनीने मोडेमसाठी ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा रूढ केल्या. सध्या वापरात असलेल्या वाय-फाय मोडेमनी त्या आज्ञा तशाच ठेवल्या आहेत. या मोडेमचा गाभा म्हणजे शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची, २०१४ च्या सुमारास बाजारात आलेली ईएसपी-८२६६ ही चिप. मांडणीचा क्रम असा : संगणक पूर्ण बंद करून मोडेम यूझर पोर्टात बसवितात, संगणक चालू करून टर्मिनल प्रकारची आज्ञावली चकतीवरून चढवितात, दोन्ही बाजूंचा वेग सारखा ठेवतात, नंतर घरातील वाय-फाय जालकाचे नाव व परवलीचा शब्द एकदा मोडेमला कळवितात. मोडेम ते आपल्या स्मृतीत ठेवतो. यापुढे ‘एटीडीटी’ या आज्ञेनंतर, पूर्वी जेथे दूरध्वनी क्रमांक लिहीत, तेथे दूरच्या संगणकाचे इंटरनेटवरील नाव व पोर्ट क्रमांक लिहिला की जोडणी होते. जुनी आज्ञावली क्रमांक फिरविला अशाच समजुतीत राहते. ही चिप फक्त २·४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालते; राउटर केवळ ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवला असेल तर तिला जालक दिसतच नाही. नवशिक्याची पहिली अडचण बहुधा हीच असते.

बेसिक भाषेतून स्वतःची आज्ञावली लिहिणाऱ्याने आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवणे इष्ट आहे. एकसरी मार्गाचा उपकरण क्रमांक २ असून तो उघडताच स्मृतीच्या वरच्या टोकाला २५६ बाइटांची दोन साठवण-क्षेत्रे राखली जातात आणि त्याच वेळी आज्ञावलीतील सर्व चल पुसले जातात. म्हणून हे उघडणे आज्ञावलीच्या अगदी आरंभी करावे लागते. तसेच मूळ आज्ञावली वापरीत असताना संदेश येत असेल, तर त्याच वेळी चकतीवर लेखन करता येत नाही, कारण दोन्ही कामांचे कालमापन परस्परांना बिघडविते. पाठविणाऱ्याला थांबवून मगच साठवण करतात.

अशी मांडणी पूर्ण झाल्यावर ‘जुना संगणक इंटरनेटला जोडला’ असे म्हटले जाते. हे वर्णन थोडे सैल आहे. ईएसपी-८२६६ मधील प्रक्रियक ३२-बिटी असून तो सेकंदाला ८ कोटी स्पंदांवर चालतो. ज्या संगणकाला हे मोडेम जोडले त्याच्या सु. ८० पट हा घड्याळ वेग आहे. पत्ता मिळविणे, नावाचा शोध घेणे, पॅकेटे बांधणे, हरवलेले पॅकेट पुन्हा पाठविणे ही सर्व कामे मोडेम करतो. जुन्या संगणकाला एका तारेवरून अक्षरे येतात आणि दुसरीवरून जातात, एवढेच कळते. इंटरनेटवर पत्ता असतो तो मोडेमचा. सोयीच्या दृष्टीने यात काही उणे नाही. पण संगणक स्वतः काय करू शकतो हे पाहावयाचे असल्यास दुसरा मार्ग घ्यावा लागतो.

ईथरनेट मार्ग : २००० नंतरच्या दशकात विस्तार खोबणीतून चालणारी ईथरनेट कार्ट्रिजे तयार झाली. त्यांपैकी आरआर-नेट हे विशेष प्रसिद्ध आहे. त्यातील सीएस-८९००ए ही चिप मुळात वैयक्तिक संगणकांच्या जालक-कार्डांसाठी बनविलेली असून तिच्यात ४ किलोबाइट स्मृती असते. चिप विद्युत् संकेत सांभाळते व पॅकेट घेऊन ठेवते. त्यापुढील सर्व काम ६५१० प्रक्रियकाने करावयाचे असते. चिपचे नोंदक संगणकाला, विस्तारासाठी राखून ठेवलेल्या ५६,८३२ या स्थानापासूनच्या क्षेत्रात, साध्या स्मृतीसारखे दिसतात व तेथून पॅकेट वाचून घेतात. १,५०० बाइटांचे पॅकेट १० मेगाबिटांच्या तारेवरून १·२ मिलिसेकंदांत येते. तेच चिपमधून संगणकाच्या स्मृतीत उतरविण्यास, दर बाइटास केवळ १० स्पंदे धरली तरी १५ मिलिसेकंद लागतात. पडताळ्याची बेरीज करण्याचा वेळ वेगळा. प्रक्रियक मागे पडला आणि चिपची स्मृती भरली, तर पुढील पॅकेट सरळ हरवते. यात बिघाड काही नाही. हरवलेले पॅकेट पुन्हा मागविण्याची तरतूद टीसीपीमध्ये प्रथमपासून आहे.

टीसीपीची नेहमीची रचना मात्र उदंड स्मृती गृहीत धरते. पाठविलेला मजकूर पोहोचल्याची पावती येईपर्यंत त्याची प्रत जपून ठेवावी लागते. स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कंप्यूटर सायन्स या संस्थेतील ॲडम डंकल्स यांनी यूआयपी या आपल्या आज्ञावलीत ही अडचण वेगळ्या प्रकारे सोडविली. तीत प्रतच ठेवीत नाहीत. पॅकेट हरवले असे दिसल्यास ती मूळ आज्ञावलीलाच तो मजकूर पुन्हा तयार करावयास सांगते. येणारे व जाणारे पॅकेट एकाच साठवण-क्षेत्रात ठेवतात. त्यामुळे सारी रचना काही किलोबाइट आज्ञा व काही शे बाइट स्मृती एवढ्यात बसते. याची किंमत वेगात मोजावी लागते. एका वेळी एकच पॅकेट पावतीविना बाहेर राहू शकते. समोरचा संगणक पावत्या साचवून पाठविण्याच्या रूढ पद्धतीप्रमाणे सु. २०० मिलिसेकंद थांबला, तर सेकंदाला पाचच पॅकेटे जातात. ५३६ बाइटांच्या पॅकेटांत हा वेग सु. २,७०० बाइट होतो. या आज्ञावलीवर उभारलेली काँटिकी ही कार्यकारी प्रणाली डंकल्स यांनी २००३ मध्ये प्रसृत केली. तीत खिडक्यांचा पडदा, पृष्ठवाचक व पृष्ठे पुरविणारा सेवक असून ती कमोडोर ६४ वर चालते. छंदासारखा वाटणारा हा उद्योग पुढे निराळ्याच क्षेत्रात उपयोगी पडला : अल्पशा विजेवर चालणाऱ्या संवेदकांच्या जालकांत काँटिकीचा प्रसार झाला. तेथील चिपांची स्मृतीही किलोबाइटांतच मोजली जात असे.

या मार्गात संगणकाला स्वतःचा पत्ता द्यावा लागतो. राउटरकडून तो आपोआप मिळविता येतो किंवा आज्ञावलीच्या मांडणी-पृष्ठावर चार बाबी हाताने लिहितात : संगणकाचा आयपी पत्ता, जालक-मुखवटा, राउटरचा पत्ता आणि नावांचा शोध घेणाऱ्या सेवकाचा पत्ता. चारांपैकी तिसरी बाब चुकली तर घरातील अन्य संगणक भेटतात, बाहेरचे भेटत नाहीत. चौथी चुकली तर अंकी पत्ता चालतो, नाव चालत नाही. दोष शोधताना ही खूण उपयोगी पडते. काही कार्ट्रिजांत ४८ बिटांचा ईथरनेट पत्ता कायम कोरलेला नसतो व आज्ञावलीच तो भरते. असे दोन संगणक एकाच घरात एकाच पत्त्याने चालू केल्यास दोघांचीही जोडणी तुटक होते.

या दोन मार्गांच्या मधला एक मार्ग झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८२ च्या ब्रिटिश संगणकासाठी केलेल्या स्पेक्ट्रानेट या जोडसाधनात आढळतो. त्यातील डब्ल्यू-५१०० ही कोरियन बनावटीची चिप टीसीपीचे सर्व काम स्वतःच्या परिपथांत करते व एका वेळी चार जोडण्या सांभाळते. येथे संगणकाला अक्षरांच्या प्रवाहापेक्षा अधिक कळते, पण पॅकेट मात्र दिसत नाही.

भारतात या पिढीचे संगणक थोड्या प्रमाणात पोहोचले. स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘डीबी स्पेक्ट्रम+’ या नावाने विकली. १९८४–८५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शासकीय प्रकल्पाखाली शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. बीबीसी मायक्रोला इकोनेट हे स्वतःचे स्थानिक जालक होते. सर्वसाधारण नागरिकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, तोपर्यंत या यंत्रांचा काळ संपला होता. म्हणून येथील अशा संगणकांची इंटरनेट जोडणी झाली, तर ती पुनर्जोडणी नसून पहिलीच होय.

मर्यादा : जोडणी झाली तरी सांप्रतची बहुसंख्य संकेतस्थळे या संगणकाला उघडता येत नाहीत. पडदा लहान आहे किंवा चित्रे मोठी आहेत, ही कारणे दुय्यम आहेत. मुख्य कारण कूटलेखन हे होय. २०१० नंतरच्या दशकात जवळजवळ सर्व संकेतस्थळांनी कूटलिखित संदेशवहन सक्तीचे केले. त्यासाठी आरंभीच शेकडो वा हजारो बिटे लांबीच्या संख्यांचे गुणाकार करावे लागतात. ६५१० प्रक्रियकाला गुणाकाराची आज्ञाच नाही. तो बेरजा व सरकविण्याच्या क्रिया करून गुणाकार साधतो. एका जोडणीच्या आरंभीच्या गणिताला त्याला लागणारा वेळ मिनिटांत मोजावा लागतो आणि तोपर्यंत समोरचा सेवक कंटाळून जोडणी तोडतो. तत्त्वतः अशक्य नाही, व्यवहारतः निरुपयोगी आहे. ज्या सेवा कूटलेखन मागत नाहीत, उदा., टेलनेटवर चालणारे सूचनाफलक, गप्पांच्या जुन्या पद्धतीच्या सेवा व काही साधी संकेतस्थळे, त्यांच्याशी हा संगणक आजही थेट बोलतो.

इतर ठिकाणी मध्यस्थ ठेवतात. घरातील एखादा लहान आधुनिक संगणक संकेतस्थळाशी कूटलिखित बोलणी करतो, पृष्ठातील मजकूर वेगळा काढतो आणि ४० अक्षरांच्या ओळी पाडून जुन्या संगणकाला पाठवितो. या मध्यस्थाला सर्व मजकूर उघडा दिसतो. तो स्वतःच्या घरात असेल तर प्रश्न नाही. परक्याने चालविलेला असेल तर त्यातून परवलीचा शब्द, पत्रव्यवहार किंवा पैशांचा व्यवहार कधीही पाठवू नये. टेलनेटवरील सूचनाफलकांनाही हेच लागू आहे : तेथील परवलीचा शब्द तारेवरून उघडा जातो, म्हणून तो अन्यत्र वापरलेला नसावा. जुन्या संगणकावर बाहेरून हल्ला होण्याची भीती नगण्य आहे, कारण विजेचे बटण बंद केले की त्याची सारी अस्थायी स्मृती पुसली जाते. जपावयाचे ते मध्यस्थाला व राउटरला.

यंत्राची काळजी : या छंदात खरी हानी होते ती विद्युत् दाबाच्या चुकीमुळे. यूझर पोर्टावरील संकेत ० ते ५ व्होल्टांचे असतात, तर आरएस-२३२ या मानकाच्या उपकरणांचे संकेत धन व ऋण ३ ते १५ व्होल्टांच्या दरम्यान असतात. असे उपकरण दाब-परिवर्तकाशिवाय जोडल्यास ६५२६ चिप जळू शकते. याच खोबणीच्या दोन संपर्कांवर ९ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब असतो. खाच नसलेला कनेक्टर उलटा बसला, तर हा दाब भलत्याच तारांवर येतो. खोबणीतील ५ व्होल्टांच्या संपर्कातून १०० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावयाचा असतो आणि वाय-फाय चिप प्रक्षेपणाच्या क्षणी याहून अधिक प्रवाह घेते. म्हणून मोडेमला स्वतंत्र वीजपुरवठा देणे अधिक सुरक्षित असते. सर्वांत मोठा धोका मूळ वीजपुरवठा-पेटीचा आहे. तीतील दाब-नियंत्रक जुना होऊन निकामी झाल्यास ५ व्होल्टांऐवजी त्याहून बराच अधिक दाब आत जातो व स्मृतीच्या चिपा नष्ट होतात. जोडणीच्या तयारीला लागण्यापूर्वी हा दाब व्होल्टमापकाने तपासावा, किंबहुना नवी पेटीच घ्यावी.

अक्षरांचा प्रश्न : कमोडोरची अक्षरसंकेतावली आस्की या मानकाच्या १९६३ मधील रूपावर आधारलेली आहे. तीत रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांच्या जागा आजच्या आस्कीच्या तुलनेत उलट्या आहेत. उलट्या तिरक्या रेघेच्या जागी पौंडाचे चिन्ह, तर अधोरेषेच्या जागी डावा बाण आहे. टर्मिनल आज्ञावली येणारे प्रत्येक अक्षर कोष्टकातून बदलून घेते. हे कोष्टक निवडावयाचे राहिले तर मजकूर ओळखू येतो, पण विचित्र दिसतो. देवनागरीच्या बाबतीत कोष्टकाने भागत नाही. युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, वेलांटी, जोडाक्षर यांची जुळणी पडद्यावर आणण्यापूर्वी करावी लागते. या संगणकाच्या अक्षराला ८ × ८ ठिपक्यांची चौकट मिळते. तीत शिरोरेषा, वरची मात्रा व खालचा उकार एकत्र बसविले, तर मधल्या अक्षराला जागाच उरत नाही. म्हणून मराठी पृष्ठ वाचावयाचे असल्यास मध्यस्थ संगणकाने ते ३२० × २०० ठिपक्यांचे चित्र करून पाठविणे हाच सोपा उपाय ठरतो. असे एक चित्र ८,००० बाइटांचे असते व ९,६०० बिटांच्या जोडणीवरून ते येण्यास ८ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो.